चंद्राबाईंचं माहेरचं नाव

शिरवळच्या कारखान्यांतली आम्ही वीसएक पोरं चंद्राबाईंच्या खानावळीत जेवायचो. १९९९ साली त्यांचा शिवतेज दोन वर्षांनी इंग्लंडहून सुट्टीवर आला. चंद्राबाईंना एकच हवं होतं, त्याचा फोन घरात यावा. तोवर तो आप्पासोंच्या एसटीडी बूथवर यायचा. "मावशी, लंडन!" अशी हाक आली की त्या पिठाच्या हातांनी धावायच्या. पोचेपर्यंत बऱ्याचदा लाइन तुटलेली असायची.

म्हणून शिवतेजनं आपला मोबाइल आईसाठी ठेवून जायचं ठरवलं. त्यात इथलं सिमकार्ड घातलं, पण फोन ते घेईना. तिथल्या कंपनीनं तो फक्त स्वतःच्या कार्डापुरता लॉक केला होता.

"कुलूप हाय तर किल्ली मागून घे की," चंद्राबाई म्हणाल्या.

बरोबरच होतं. किल्ली म्हणजे कंपनीकडचा आकड्यांचा कोड.

शिवतेजला परत जायला दोन दिवस उरले होते. दुपारी तिथलं ऑफिस उघडल्यावर शिवतेज, चंद्राबाई आणि मी बूथवर गेलो. पलीकडच्या बाईनं ओळख पटवायला विचारलं, "आईचं माहेरचं नाव?" शिवतेजनं "माने" सांगितलं. जुळेना. स्पेलिंग बदलून सांगितलं, तरी जुळेना. आता एकदाच संधी, नाहीतर कागद घेऊन तिथल्या दुकानात या, असं ती म्हणाली. शिवतेजनं रिसीव्हरवर हात ठेवला.

"काय इचारत्यात रं?" चंद्राबाईंनी बाहेरून काचेवर टकटक केलं.

"तुझं माहेरचं नाव."

"मग हरणाबाई सांग की! चंद्रा तर लग्नात सासरच्यांनी ठेवलं. फारम भरताना तूच फोन करून इचारलं हुतंस न्हवं?"

"आगं, ते आडनाव इचारत्यात!"

"आडनाव तर माझ्या माहेरी सगळ्या म्हसवडात हाय. त्यानं मी कशी वळखू येणार?"

शिवतेजनं एकेक अक्षर सुटं करून "हरणाबाई" सांगितलं. जुळलं. मग ती बाई आकडे सांगू लागली. मी ते हातावर लिहून घेतले.

पुढच्या रविवारी आम्ही जेवत असताना खिडकीत ठेवलेला तो मोबाइल वाजला. चंद्राबाईंनी तो दोन्ही हातांनी कानाला लावला.

"पोचलास व्हय? जेवलास का? ... मी? मी हितंच हाय, चुलीपाशी. आता कुटं पळायचं न्हाई मला. तू बोल निवांत."

आमच्यातला आकाराम हळूच उठला आणि त्यानं तव्यावरची भाकरी उलटली.