दारातलं कुरण

आमच्या बागेचं परीक्षण ज्या रविवारी सकाळी दहाला होणार होतं, त्या रविवारी बाग साडेआठपर्यंतच होती.

पण आधी मी बागवाला कसा झालो ते सांगायला हवं. मी पाटबंधारे खात्यात धरणांचे नकाशे काढायचो. आयुष्यभर कागदावर निळी शाई भरली, आणि स्वतःच्या नळाला पाणी कधी येणार हे मात्र शेजाऱ्यांना विचारत राहिलो. उस्मानपुऱ्यातल्या दोन खोल्या सोडून पडेगावच्या बाजूला नव्या कॉलनीत घर बांधलं, तेव्हा दारात हिरवळ हवीच, असा हट्ट मी धरला. ती गादीसारखी गुंडाळून टेम्पोतून आली (तिची उशाकडची बाजू कोणती, असंही मी विचारलं होतं). पुढची दोन वर्षं पावसानं पाठ फिरवली. लोक हंडे घेऊन टँकरमागं पळत होते आणि मी त्याच टँकरचं पाणी गवताला पाजत होतो. माझी बायको सुनंदा एक दिवस अगदी शांतपणे म्हणाली, "अहो, या घरात आंघोळ माणसांनी करायची का गवतानं, ते एकदा ठरवून टाका."

ते गवतानंच ठरवलं. ते वाळून गेलं.

त्याच सुमाराला कॉलनीत कुलकर्णी मॅडमचं भाषण झालं. मॅडम वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक. इथल्या मातीतली झाडं आणि गवतं पुन्हा आपल्या अंगणात आणा, असं त्यांचं सांगणं. मी हात वर करून विचारलं, "बाहेरचं आणि इथलं ओळखायचं कसं?"

"सोपं आहे," मॅडम म्हणाल्या. "जे इथलं पाणी पितं, इथली जागा अडवतं आणि इथल्या जनावराच्या, पाखराच्या कामी येत नाही, ते बाहेरचं."

मी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

मग मी पेटलोच. मारवेल आणि पवन्या ही गवतं लावली. कडेला तरवड लावला, आपटा लावला, बोर लावली. पाणी फक्त न्हाणीचं. सुनंदा म्हणाली, "पूर्वी हेच उपटायला आपण बाई लावली होती." मी तिच्या अज्ञानाकडे दुर्लक्ष केलं. प्रत्येक गवतापुढं मी नावाची पाटी लावली, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेली, अक्षर नकाशावरच्यासारखं वळणदार.

फक्त बाभूळ आणि हिवर काही केल्या रुजेनात. बियांचं कवच कठीण असतं, प्रक्रिया करा, असं मॅडमनी सुचवलं. मी बिया गरम पाण्यात टाकल्या, ताकात बुडवल्या, काचकागदावर घासल्या. बांधावर कुणालाही न विचारता उगवणारी बाभूळ माझ्या वाफ्यात तोंड दाखवायला तयार नव्हती.

आता म्हादूमामा. हे माझ्या आईचे धाकटे भाऊ. दौलताबादच्या अलीकडच्या एका वस्तीवर राहतात. जन्मभर शेरडं राखली. आई लवकर गेली, त्यानंतर सहा वर्षं मी त्यांच्याकडेच होतो. शेळीच्या दुधावर वाढलो आणि मामांच्या खांद्यावर बसून, ओढा ओलांडून शाळेत गेलो. आमच्या वास्तुशांतीला आले तेव्हा भर हॉलमध्ये फरशीवर पाय आपटून म्हणाले, "आरं, हितंच तर आपली शेरडं बसायची दुपारची. तू बी बसायचास त्यांच्यात." ऑफिसचे साहेब शेजारीच जेवत होते. मी घाईघाईनं जिलबीचा विषय काढला.

मॅडमनी कॉलनीत देशी बागांची स्पर्धा ठेवली होती. तिच्या आदल्या आठवड्यात मी मामांना फोन केला. खरं सांगायचं तर बढाई मारायला केला. भादवा लागला तरी आभाळ कोरडं होतं आणि सगळ्या तालुक्यात हिरवं म्हणण्यासारखं काही असेल तर ते माझ्या अंगणात होतं.

"मामा, दारात मारवेल गुडघाभर झालंय. पवन्या तर कमरेला लागतोय."

मामांनी विचारलं, "खरं म्हंतो?"

"हिरवंगार. तुम्ही आलंच पाहिजे एकदा."

"हितं काडी नाय राह्यली, बाळू. उन्हाळ्यात झोडून ठेवलेल्या बाभळीच्या अन् हिवराच्या शेंगा चारून जगवलंय कसंबसं." त्यांचा आवाज एकदम भरून आला. "लई बेस केलं तू खबर दिली. येतो आयतवारी."

मला वाटलं, वयामुळं माणूस हळवा होतो. खरं म्हणजे शेरडं राखणाऱ्या माणसाला दुष्काळात चाऱ्याची खबर देणं म्हणजे आवतण असतं. तेही एकट्याला नाही, कळपासकट. हे मला लहानपणी माहीत होतं. मामांच्या खांद्यावर बसूनच मी अशा आवतणांना गेलो होतो. पण पुढं मी कॉलनीत राहायला गेलो आणि विसरलो.

रविवारी सकाळी मी दाढी करत होतो. घंटा वाजल्या. मला वाटलं, शेजाऱ्यांची आरती. मग शेजाऱ्यांची आरती ब्यॅ करून ओरडली. अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून मी बाहेर धावलो.

अकरा शेरडं आणि चार करडं माझ्या देशी बागेत पंगतीला बसली होती. सुनंदानं फाटक उघडून दिलं होतं आणि मामांच्या हातात चहाही दिला होता. मामा पायरीवर बसून बशीतून चहा पीत होते, अंधारात निघून चालत आलेले, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेलं. मी त्यांना इतकं सुखी फार वर्षांनी पाहत होतो.

"कुरण राखावं तर आसं," ते म्हणाले. "पोटच्या पोरानं नसतं केलं."

"मामा, अहो, हे..." माझ्या तोंडात फेस गेला.

"अन् ह्या पाट्या कशाच्या रे?"

"नावं लिहिलीत."

"कोनाची?"

"गवताची."

मामांनी विचार केला. "मंग गवताला वाचाया येतं का?"

तोवर एका करडानं 'मारवेल' खाऊन टाकलं होतं. म्हणजे मारवेल आधीच खाल्लं होतं, आता पाटी खात होतं. पवन्या संपला. बोरीची डहाळी संपली. आपट्याच्या जागी एक काठी उभी होती. फक्त तरवडाला कुणी तोंड लावलं नाही. एक म्हातारी शेळी माझ्या बियांच्या वाफ्यात उभी राहून, माझ्या डोळ्यांत डोळे घालून, निवांत लेंड्या टाकत होती.

मी मामांना सांगू शकलो असतो. दहा वाजायला वेळ होता. त्यांनी सगळं समजून घेतलं असतं, वर हसले असते. पण परीक्षक मंडळींना आपल्याकडं एकदाच वेळेआधी यावंसं वाटतं, ते त्या दिवशी वाटलं. नऊ वाजताच कुलकर्णी मॅडम, हातात वही घेऊन, फाटकात उभ्या होत्या.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं. "कोण आहेत हे?"

बागेचं दुःख मला आज अजिबात नाही. गवत आहे, ते खाण्यासाठीच असतं. पण त्या वेळी माझ्या तोंडून जे निघालं, ते मला आजही जेवताना मध्येच आठवतं.

मी म्हणालो, "कुणी शेरडंवाले आहेत, मॅडम. फाटक उघडं राहिलं, घुसले."

मामांनी बशी खाली ठेवली. चहा अर्धाच प्यायले होते. माझ्याकडं त्यांनी पाहिलंही नाही. मॅडमना हात जोडून म्हणाले, "चूक झाली बाई. फाटक उघडं दिसलं." मग जिभेनं टकटक आवाज केला. पंधराच्या पंधरा जनावरं माना वर करून त्यांच्यामागं निघाली. मी सांगितलेलं खोटं त्यांनी जाता जाता पुरं करून दिलं होतं.

ते वळणावर दिसेनासे झाले आणि सुनंदा ताट घेऊन बाहेर आली. ज्वारीची भाकरी, पिठलं, वर कांदा. ती मोठ्यानं म्हणाली, "मामा, हात धुवा आता. अहो, मामा कुठं गेले तुमचे?"

मॅडमनी ताटाकडं पाहिलं. मग माझ्याकडं, म्हणजे माझ्या फेस लागलेल्या गालाकडं पाहिलं. आणि काहीही न लिहिता वही मिटली.

सुनंदानं मला चार दिवस वाढलं, पण बोलली नाही. मला वस्तीवर जायला दहा दिवस लागले. वस्ती गाडीनं अर्ध्या तासावर आहे. बाकीचा वेळ मला तोंड सापडत नव्हतं. गेलो तर शेरडांचं वाडगं रिकामं.

"इकली," मामा म्हणाले. "काय चारू?"

"मामा, त्या दिवशी माझं चुकलं."

"तुझं काय चुकलं? शेरडंवाले म्हनला. शेरडंवालाच व्हतो की." ते वाडग्याकडं पाहत राहिले. "आता त्ये बी नाय."

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. मारवेल आलं, पवन्या आला. आणि ज्या वाफ्यात ती म्हातारी शेळी उभी होती, तिथं एक दिवस लेंड्यांच्या भुग्यातून बाभळीची नऊ आणि हिवराची चार रोपं वर आली. मॅडम बघायला आल्या आणि गुडघ्यांवर बसल्या. शेंगा शेळीच्या पोटातून गेल्या की बियांचं कवच नरम पडतं, असं त्यांनीच सांगितलं. जे गरम पाण्याला, ताकाला आणि काचकागदाला जमलं नाही, ते मामांच्या कळपानं उभ्या उभ्या केलं होतं. आणि मी त्यांनाच 'घुसले' म्हणालो होतो.

मी मामांना फोन केला. "मामा, तुमच्या शेरडांनी बाभळी लावल्यात. बघायला या."

"येईन की," मामा म्हणाले. "पर आवतण तर शेरडांचं व्हतं. माझा एकट्याचा काय उपेग?" ते अजून आलेले नाहीत. हिवर आता माझ्या डोक्यापर्यंत आलाय.

ती रोपं आली त्या वर्षी स्पर्धेत पहिलं बक्षीस मलाच मिळालं. प्रमाणपत्र देताना मॅडम माईकवर म्हणाल्या, "यांच्या बागेत बाहेरचं एकही झाड नाही." 'झाड' या शब्दावर त्या जरा थांबल्या, असं मला वाटलं. टाळ्या झाल्या. घरी आल्यावर मी ती जुनी वही काढली आणि दोन रेघा मारलेलं वाक्य पुन्हा वाचलं. इथलं पाणी पितं. इथली जागा अडवतं. इथल्या जनावराच्या कामी येत नाही.

तिन्ही मुद्द्यांवर मला पैकीच्या पैकी गुण होते.