कट म्हटल्यावर

दिग्दर्शकाच्या तोंडून 'कट' पुरतं बाहेर पडायच्या आत ती उठलेली असायची. साठीला आलेली बाई, एरवी खुर्चीतून उठताना दोनदा 'आई गं' म्हणणारी. पण तो शब्द आला की चादर उघडून ती थेट दिव्यांच्या उजेडात धावायची, पलंगावरच्या मुलीला खांद्यापासून पायापर्यंत गुंडाळायची आणि म्हणायची, "झाला गो बाय. झाला आता."

मोबाइलवर पैसे भरून बघायची असली चित्रं तुम्ही बघितली असतील किंवा नसतील. बघितली असली तरी सांगणार नाही, आणि मी विचारणारही नाही. पण कट म्हटल्यावर काय होतं ते तुम्ही नक्की बघितलेलं नाही. ते फक्त आम्हाला दिसायचं.

तिचं नाव इथे लिहीत नाही. ते एकदा छापून आलंय, तेवढं पुरे. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो.

मी साऊंडवाला. राहायला घाटकोपरला. लॉकडाऊनमध्ये मालिकांची कामं बंद पडली, ती सुटल्यावरही माझ्या वाट्याला परत आली नाहीत. तेव्हा अंधेरीतल्या एका ओळखीच्याने सांगितलं, ॲपसाठी काम आहे, जरा बोल्ड आहे, चालेल का? मी चालेल म्हणालो. निर्माता पहिल्याच दिवशी आम्हाला समजावून म्हणाला, "ॲपला सेन्सॉर लागत नाही. सेन्सॉर नाही म्हणजे गुन्हा नाही." हे चूक आहे हे आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. ज्यांना शंका होती त्यांनी विचारलं नाही. मीही त्यांच्यातच.

मावशी तिथे माझ्या आधीपासून होती. मूळची मालवणकडची. नवरा गिरणीत होता. गिरणी गेली, मग तो वॉचमन झाला, मग तोही गेला. तिने आयुष्यभर नाटकांचा कपडेपट सांभाळला, पुढे मालिकांचा. बोरीवलीला पूर्वेकडे एका सोसायटीत तिची खोली होती. मुलगी लग्न होऊन मुलुंडला. घरी तिने एवढंच सांगितलेलं की सिरियलच्या कपड्यांचं काम आहे. तसं ते खोटं नव्हतं. कपड्यांचंच काम होतं, फक्त उलट्या बाजूने.

चादर तिची स्वतःची, घरून आणलेली सोलापुरी. कंपनीने टॉवेल दिले होते, ते तिला पटायचे नाहीत. "धा जणींनी पुसलेलं. त्यात काय पोरीला गुंडाळू?" म्हणायची.

कानाला हेडफोन असल्यामुळे बाकीच्यांना न कळणारं बरंच मला कळायचं. वर टांगलेला माइक कट म्हटल्यावर लगेच बंद होत नाही. तेवढ्या वेळात मावशी मुलीच्या कानाशी काहीतरी बोलायची. पहिल्यांदा मला वाटलं मंत्रबिंत म्हणते की काय. नीट ऐकलं तर मासे होते. "आज बांगडे मेल्याने कसले दिले होते. डोळे बघ म्हटलं आधी, डोळे लाल आहेत की नाय ते बघ." दुसऱ्या शॉटनंतर तिसऱ्या गल्लीतल्या बाईचं भांडण. पुढे सोलकढी. मुलगी थरथरत असली तरी हळूहळू 'हं', 'मग?' असं म्हणायला लागायची. मी मग तो आवाज मिटवायचा सोडून ऐकतच राहायचो.

शॉट चालू असताना मात्र ती भिंतीकडे तोंड करून बसायची. मी एकदा विचारलं, "मावशी, एवढी वर्षं नाटकात काढलीस, तुला अजून लाज वाटते?"

"माका नाय रे वाटत," ती म्हणाली. "तिका वाटता. एक माणूस कमी बघला तर तेवढा बरा."

एक मुलगी आली होती, वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावातून. अंगात जरा ताप होता, तरी बोलत नव्हती. सकाळी तिला सांगितलेलं एक, आणि दुपारी दिग्दर्शक मागत होता दुसरंच. करारावर सही आहे, असं तो म्हणत होता. मुलगी नुसती मान हलवत होती, हो आणि नाही यांच्या मधली. मावशी उठली, चादर घेऊन पलंगावर तिच्या शेजारी जाऊन बसली.

"मावशी, उतर. लाइट जातोय," दिग्दर्शक म्हणाला.

"ती जेवली नाय."

"जेवेल नंतर."

"नाय. आधी जेवेल, मग तिच्या तोंडून ऐकू. हो म्हणाली तर मी उतरते."

तो चिडला. तिला उद्यापासून येऊ नकोस म्हणाला. ती म्हणाली, "उद्याचं उद्या. आज मी हयच बसलंय." त्या दिवशी तो शॉट झाला नाही. दुसऱ्या दिवशी मावशी नेहमीच्या वेळेला आली आणि तिला कुणी काही बोललं नाही, कारण तिच्याइतक्या कमी पैशांत दुसरं कोण मिळणार होतं. मुलगीही आली. ती कशाला आली हे मला आजही कळत नाही. तिला कदाचित जायला दुसरी जागा नव्हती.

त्यानंतर आठवडाभराने धाड पडली. मालाडच्या पुढे खाडीजवळच्या एका भाड्याच्या बंगल्यात शूटिंग चालायचं. आम्ही जेवत होतो. पोलीस आले तेव्हा त्या वऱ्हाडातल्या मुलीच्या अंगावर टी-शर्ट होता आणि हातात वरणभाताची थाळी. कॅमेरे, दिवे, हार्डडिस्क, माझा माइक, सगळ्याचा पंचनामा झाला. चादरसुद्धा मुद्देमालात गेली. एका हवालदाराने तिची घडी घालून पिशवीत भरली, वर सील केलं. मावशी त्याला म्हणाली, "ती धुतलेली आसा." तो हसला नाही. तसा तो वाईट नव्हता. त्याने आम्हाला जेवण संपवू दिलं.

बाहेर फाटकाशी चॅनेलवाले आधीच उभे होते. त्यांना कुणी कळवलं, देव जाणे. मुलीने ते बघितलं आणि ती दारातच थांबली. तिच्याकडे ओढणी नव्हती. आम्हा पुरुषांनी एव्हाना रुमाल, टोप्या, जे मिळेल ते तोंडाला लावलं होतं. मीही लावला होता. मावशीने आपला पदर सोडला आणि मुलीच्या डोक्यावरून घेऊन तिचं तोंड झाकलं. पदर एकच होता. एका साडीत दोघी गाडीपर्यंत चालत गेल्या, मुलगी झाकलेली आणि मावशी उघडी.

त्या संध्याकाळी टीव्हीवर फक्त तिचा चेहरा होता. बाकी सगळे कापडाचे गोळे. मग काय, त्यांनी तिच्याच चेहऱ्याभोवती लाल गोल काढला आणि खाली लिहिलं, अश्लील चित्रपटांच्या टोळीतली मुख्य महिला. निर्माता त्यात कुठेच नव्हता. त्याने अटकपूर्व जामीन घेतला.

आम्ही काही दिवस कोठडीत काढले आणि जामिनावर सुटलो. मावशीसाठी गावाहून तिचा भाऊ आला होता. तिला बोरीवलीला पोचवायला मीही रिक्षात बसलो. इमारतीखाली बायका उभ्या होत्या. लिफ्टमध्ये आमच्याबरोबर कुणी चढलं नाही, एवढंच. गुरुवारच्या भजनाला तिला बोलावणं येईनासं झालं. तिचे उकडीचे मोदक त्या सोसायटीत दरवर्षी जायचे, त्या गणपतीत एकाही घराने सांगितले नाहीत. "बरा झाला, माझे हात दुखतत," ती फोनवर म्हणाली.

मुलुंडची गोष्ट तिने मला बऱ्याच उशिरा सांगितली. मुलीला मुलगी झाली. सासरच्यांनी निरोप दिला की बारशाला तेवढं येऊ नका, पाहुणे असतील. ती गेलीच. वर नाही गेली. समोरच्या औषधाच्या दुकानापाशी उभी राहिली. मुलीने गॅलरीत येऊन बाळ वर उचलून दाखवलं.

"दिसलं का?" मी विचारलं.

"टोपडं दिसलं," ती म्हणाली. "गुलाबी होतं."

मग कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या. वर्ष गेलं, दुसरं गेलं. मधल्या काळात सरकारने असली कितीतरी ॲप बंद केली. नव्या नावांनी दुसरी आली असं म्हणतात. मी शोधायला गेलो नाही. तारखेला आम्ही दोघं बाकावर शेजारी बसायचो. तिच्याकडे डबा असायचा, त्यात अर्धा माझा. ती वऱ्हाडातली मुलगी एकदाच आली, मग तिचा वकील यायचा.

एकदा मी रागाने म्हणालो, "मावशी, तुझा काय गुन्हा? तू तर झाकायचीस."

तिने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "तसं नको बोलू. ते वाईटच होतं रे. माझी नात मोठी झाली आणि तिने ते बघितलं, तर मला आवडेल का? कायदा करणारे काय वेडे नाहीत. पण पोरी तर येणारच होत्या ना. मी नसते तरी आल्या असत्या. मग मी असलेली काय वाईट?" डबा पिशवीत ठेवताना म्हणाली, "रात्री मीच स्वतःला विचारते. कधी हो वाटतं, कधी नाय."

मीही त्या कामाचे पैसे घेतले आणि घर चालवलं.

तिच्या वकिलाने तिला खटल्यातून वगळावं म्हणून अर्ज केला. मॅजिस्ट्रेट एक बाई होत्या. जप्त केलेल्या हार्डडिस्कमधला कटनंतरचा भाग त्यांनी चेंबरमध्ये बघितला आणि मग कोर्टात येऊन मावशीला पुढे बोलावलं.

"कट झाल्यावर आत येता, त्या तुम्हीच?"

"हो बाई. हो मॅडम."

"तुम्ही काहीतरी बोलताय. बांगडे वगैरे. ते काय आहे?"

मावशी माझ्याकडे बघायला वळली. हे रेकॉर्ड होतं, हे तिला आजवर ठाऊक नव्हतं. कोर्टात एकजण हसला. मॅजिस्ट्रेट हसल्या नाहीत. त्यांनी वाट बघितली.

"तिचं मन दुसरीकडे जावं म्हणून," मावशी म्हणाली. "बाकी काय बोलणार तिथं?"

पुढच्या तारखेला अर्ज मंजूर झाला. त्या दिवशी ती जांभळी इरकल नेसून आली होती, केसांत अबोलीचा गजरा. मी म्हटलं, लग्नाला चाललीस की काय? तिने गजरा नीट केला. हुकूम वाचून झाला, वकिलाने तिचं अभिनंदन केलं आणि आम्ही फाटकाबाहेर आलो. तिथे चहाची टपरी होती, दोन रिक्षा होत्या, एक झेरॉक्सवाला होता. ती उजवीकडे बघत राहिली, मग डावीकडे.

"कोण नाय आलं?" तिने विचारलं.

"कोण यायचं होतं?"

"ते टीव्हीवाले."

मी म्हटलं, मावशी, सुटलेल्याची बातमी नसते. तिने मान हलवली. आम्ही चहा घेतला. बशीत ओतलेला चहा तिने अर्धा तसाच ठेवला.

त्यानंतर तिने बोरीवलीची खोली भाड्याने दिली आणि ती गावी भावाकडे गेली. अधूनमधून फोन यायचा. माझा खटला चालूच होता, अजून आहे. "तुझी तारीख कधी?" एवढं विचारून ती लगेच ठेवायची. मागच्या थंडीत फोन आला नाही. मी केला तर बंद. मी म्हटलं रेंज नसेल, त्या बाजूला नसतेच.

मग एका रविवारी अनोळखी नंबरवरून तिच्या मुलीचा फोन आला. आई गेली, म्हणाली. झोपेतच. दिवस वगैरे सगळे झाले. आईच्या मोबाइलमध्ये माझा नंबर 'साऊंड' म्हणून होता, त्यामुळे आधी कळलं नाही कोण ते.

मी काहीतरी बोललो. अशा वेळी बोलतात ते. ती ऐकत होती. मागे टीव्ही चालू होता, भांड्यांचा आवाज होता, एक लहान मूल काहीतरी मागत होतं. मला वाटलं ती आता फोन ठेवेल.

"दादा," ती म्हणाली, "एक विचारू? आई तिथे नेमकं काय करायची? मी तिला कधी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. इथे सगळे वाटेल ते बोलायचे, मी गप्प बसायचे. तुम्ही होतात ना तिथे?"

"होतो," मी म्हणालो. "सगळं ऐकलंय मी."

"मग थांबा जरा."

तिने कुणाला तरी मुलीला घ्यायला सांगितलं. कुणी वयस्क बाई 'कोणाचा फोन?' म्हणाली. 'आईच्या ओळखीचे आहेत,' ती म्हणाली, चांगलं मोठ्याने. मग पावलं ऐकू आली आणि दार लागल्याचा आवाज आला. टीव्ही दूर गेला. खुर्ची ओढून ती बसली असावी.

"हं," ती म्हणाली. "सांगा."