पाण्याचा पहिला दिवस

आम्ही घर घेतलं ते हौसेपेक्षा भीतीपोटी. त्याआधी होटगी रस्त्याला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की सरळ डांबरी रस्ता. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून दारावरून जायचे आणि मी लेकीचा फ्रॉक मागून मुठीत धरून उभी असायची. ती चार वर्षांची. दार उघडं दिसलं की पळायचं, हा तिचा एकमेव उद्योग. घरं बघायला जायचो तेव्हा नवरा कागदपत्रं बघायचा, भिंतींवर बोटं वाजवून बघायचा. मी फक्त रस्ता बघायची. जुळे सोलापूरच्याही पुढे एका नव्या वसाहतीत मला हवी तशी गल्ली सापडली. समोरासमोर मिळून बारा घरं, टोकाला भिंत, म्हणजे येणारंजाणारं वाहन नाही. "लेकुरवाळ्यांची वसाहत हाय वहिनी," एजंट म्हणाला. मी तिथंच होकार देऊन टाकला.

आमच्या शहरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. त्यामुळे घराचं वर्णन करताना माणसं खोल्यांच्या आधी हौद सांगतात. पोर्चमध्ये जमिनीखाली बांधलेला, वर लोखंडी झाकण. आमचा माझ्या गळ्याइतका खोल होता आणि मला त्याचं कौतुकच वाटलं. सासूबाई मंद्रूपहून आल्या, झाकण सरकवून आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "घरात हीर कशाला केलीया?"

"आत्या, विहीर कुठली, हौद आहे तो. हौदाशिवाय सोलापुरात कुणी घर घेईल का?"

"पाणी त्ये पाणीच की," त्या म्हणाल्या. गावाकडच्या माणसांना कशाचीही धास्ती, असं मी मनात म्हटलं. शहाणपण सगळं माझ्याच वाट्याला आलेलं.

राहायला आल्यावर तिसऱ्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, पहिलं पाणी सुटलं. नवरा कामावर गेला होता. सासूबाई मागच्या बाजूला धुणं धूत होत्या. लेक गेटाच्या आत तिची तीनचाकी फिरवत होती. मी झाकण बाजूला ओढलं आणि तसंच उघडं ठेवून आत भाकरी थापायला गेले. इथं सगळ्या बायका तेच करतात. धार पडण्याच्या आवाजावरून हौद किती भरला ते कळतं, म्हणून हात पिठात आणि कान पाण्याकडे. आवाज छान येत होता. लेकीचा आवाज येत नाही, हे मला किती वेळानं कळलं, ते आजही सांगता येत नाही.

बाहेर आले तर तीनचाकी होती, ती नव्हती. गेट किलकिलं होतं. एक हाक मारली. हौदात पाहिलं तर धारेनं पाणी ढवळलेलं, तळ दिसत नव्हता. मला पोहता येत नाही. तरी मी उतरले, याला धाडस म्हणू नये, डोकंच बधिर झालं होतं. पाणी कमरेच्या वर होतं. मी पायांनी चाचपायला लागले. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत मी माझ्या लेकीला पायांनी शोधत होते. तिसऱ्या कोपऱ्यात पायाला काहीतरी मऊ आणि जड लागलं.

ते मी लगेच उचललं नाही. तशीच उभी राहिले. उचलत नाही तोवर ती जिवंत होती. मग श्वास धरून खाली वाकले आणि दोन्ही हातांनी वर ओढलं. गवंड्यांनी विसरलेलं सिमेंटचं पोतं होतं, गाळानं भरलेलं.

मी ओरडले असणार, कारण सासूबाई धावत आल्या आणि हात देऊन त्यांनी मला वर ओढलं. "पोर कुटं हाय?" एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता अनवाणी मोठ्या रस्त्याकडे पळाल्या. मी गल्लीच्या टोकाकडे वळले. पाण्याचा दिवस. प्रत्येक पोर्चमध्ये एक झाकण, आणि जिथवर नजर जात होती तिथवर सगळी उघडी.

समोरच्या घरात न विचारता शिरले आणि हौदात डोकावले. मग त्याच्या शेजारच्या. तिसऱ्या घरातला माणूस मोटारीला पाइप जोडत होता. माझा ओला अवतार बघून तो उठलाच. "तुमची पोरगी अज्जीकडं असंल की. पाण्याच्या दिवशी समदी पोरं तितंच असत्यात," म्हणाला आणि त्यानं शेवटच्या घराकडे हात केला.

अज्जी म्हणजे गल्लीतली सगळ्यांत वयस्कर बाई. अक्कलकोटकडच्या कानडी घरातली, म्हणून सगळेच तिला अज्जी म्हणत. तिच्या पोर्चला लोखंडी ग्रिल होतं, त्याला आतून कुलूप. आत नऊ-दहा पोरं गोल करून चुरमुरे खात बसली होती आणि त्यात माझी. मला बघून ती हसली. मी ग्रिल घट्ट धरलं. पण पुढच्याच क्षणी सगळ्या भीतीचा राग झाला. न सांगता माझं लेकरू नेलंत कसं, कुलूप काढा आधी, असं काय काय बोलले. नको ते शेवटी बोलून गेले. "लेकरू दिसेनासं झालं की आईचं काय होतं, तुम्हाला काय कळणार?"

अज्जीनं आवाज चढवला नाही. "गेटातनं भाईर आली हुती. तुला दोनदा हाक मारली, तू ऐकलं न्हाईस." मग माझ्या ओल्या कपड्यांकडे बघून तिनं विचारलं, "झाकण लावलंस का?"

"काय?"

"हौदाचं. लावून ये जा. मग कुलूप काढते."

झाकण उघडंच होतं. घरात कुणी नव्हतं, गेट सताड उघडं टाकून मी आले होते. माझीच लेक माझ्या हातात द्यायला ही परकी बाई अट घालत होती आणि मी मुकाट्यानं परत गेले. झाकण दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा नीट बसलं. त्यावर उभी राहून खात्री केली, मग गेले.

अज्जीनं कुलूप काढलं. मी लेकीला उचलून कवटाळलं. तेव्हा कुठं तो पोर्च मला दिसला. भिंतीकडेनं निळ्या ड्रमांची रांग होती, अज्जी भांड्यांनी नळाचं पाणी त्यांत भरत होती. हौद कुठंच नव्हता. मधोमध एका चौकोनात तेवढ्या फरशा वेगळ्या रंगाच्या होत्या. मी तिकडे बघतेय, हे तिनं पाहिलं.

"बुजवला," ती म्हणाली. "माजा नातू. तीन वर्साचा हुता."

मघाशी मी काय बोलले होते ते मला आठवलं. अज्जी जवळ आली. माझ्या खांद्यावर मान टाकलेल्या लेकीच्या केसांत तिनं बोटं घातली, मुळापासून टोकापर्यंत हळूहळू फिरवली.

"कोरडी हाय बघ," ती म्हणाली.