सासूबाईंचं शीड आणि माझी कातरी

कोणत्या धाग्याचं शीड टिकतं, हे शास्त्रोक्त पद्धतीने ठरवण्यासाठी मी माझ्या दिवंगत सासूबाईंनी शिवलेलं शीड कातरीने कापलं.

माझी सासुरवाडी राजोडीची, मासेमारी करणाऱ्यांची. मी नायगावच्या चौदाव्या मजल्यावरचा. तीस वर्षं एका कापड कंपनीत धागे ताणून तोडायची नोकरी केली. (त्याला प्रयोगशाळा म्हणतात, आणि वर पगारही देतात!) सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या बाबांनी, एकच इच्छा सांगितली. वर्षश्राद्धाच्या सकाळी होडीचं इंजिन बंद ठेवायचं आणि तिनं शिवलेलं शीड लावून एक फेरी मारायची.

“पन शीड वीस वर्सं माळ्यावर पडलंय,” बाबा म्हणाले. “वारा सोसल का त्याला?”

झालं! तीस वर्षांत घरच्या कुणी मला माझ्या विषयातला प्रश्न विचारला नव्हता. मी उभ्या उभ्या पाऊण तास बोललो. सुती कापड भिजलं की बळकट होतं पण जड होतं, ओलं घडी घालून ठेवलं तर कुजतं. नायलॉन ताणलं जातं. पॉलिएस्टर आकार सोडत नाही. ताग तर...

“म्हंजे सोसल का नाय?” बाबांनी विचारलं.

“तपासून सांगतो!”

बाबा जेवायला बसले तसा मी कातरी घेऊन माळ्यावर चढलो. शीड मांजरपाटाचं, पिवळं पडलेलं. चांगल्या भागाला हात लावायचा नाही, एवढी अक्कल मला होती. म्हणून सगळ्यात खराब कोपरा निवडला. जाडजूड, काळपट, आत कसल्यातरी चिंध्या भरून टाके घातलेला, आणि मधोमध भोक. (मी ते उंदराचं समजलो.) तळहाताएवढा तुकडा कापला, शीड होतं तसं घडी घालून ठेवलं आणि कुणाला काही बोललो नाही.

मग आठ दिवस आमच्या न्हाणीघरात समुद्राच्या पाण्याच्या बादलीत चार तुकडे भिजत पडले: मांजरपाट, ताग, नायलॉन, पॉलिएस्टर.

“अहो, काय सडवताय?” बायकोने, म्हणजे शैलाने, नाक दाबून विचारलं.

“तुझ्या बाबांसाठीच चाललंय!”

नवव्या दिवशी चारही तुकडे गॅलरीत टांगून प्रत्येकाला लोणच्याची एकेक बरणी बांधली. ताग तुटला. लिंबाचं लोणचं खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या धुतलेल्या चादरीवर गेलं. नायलॉन लांबत लांबत गेलं. पॉलिएस्टर कुरकुरलं. मांजरपाट मात्र ढिम्म! ते चार पदरी आहे आणि बाकीचे एकेरी, ही शंका तीस वर्षांच्या अनुभवी माणसाला आली नाही.

वर्षश्राद्धाच्या सकाळी राजोडीच्या किनाऱ्यावर बाबांनी शीड उलगडायच्या आत मी पुढे झालो.

“बाबा, तुमचं सूत पहिलं आलं!” आणि मोठ्या अभिमानाने खिशातून तो तुकडा काढला.

बाबांनी तुकड्याकडे पाहिलं. मग शीड उलगडून त्याचा खालचा कोपरा शोधला. तो नव्हता.

“जावई,” ते हळूच म्हणाले, “दोर बांधायचा कोपरा ह्यो. समदा जोर इथंच येतो. म्हनून तिनं आपल्या लुगड्याचे पदर घातलेले आत.”

शैला माझ्याकडे बघत होती. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटलेली नाही.

बाबांनी जाळं सांधायचा दोरा आणि सुई माझ्या हातात दिली. त्यांना आता सुईचं नेढं दिसत नाही. मी वाळूत फतकल मारून कोपरा जागेवर शिवला. बोटांना सात वेळा सुई टोचली, आणि टाके असे पडले की सासूबाईंनी पाहिले असते तर माझ्याकडून सगळे उसवून घेतले असते.

होडी निघाली. शीड फुगलं. बाबांच्या तोंडावर वर्षभरात न दिसलेलं हसू आलं, आणि तेवढ्यात टर्र! माझे टाके एकामागून एक सुटले. सासूबाईंचे सगळे शाबूत. शीड फडफडायच्या आत बाबांनी झडप घातली आणि शिडाची कड अन् तो कोपरा एकाच मुठीत धरला.

“द्या, मी पुन्हा शिवतो,” मी म्हणालो.

“नको!” बाबा आणि शैला एकदमच ओरडले.

वारा बेताचा होता. बाबांनी परत येईपर्यंत मूठ सोडली नाही. किनारा जवळ आला तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. “कोपरा कापला नसता तर मी दोरानं लाकडाला बांधून मोकळा झालो असतो,” ते म्हणाले. “आज हातात राहिला माझ्या.”

मला वाटलं, चला, माफी मिळाली! मिळालीच म्हणा. पण अजूनही शैला पुढे जाते आणि मागून मी राजोडीला पोचलो की दारातून बाबांचा आवाज येतो, “शैले, जावई आले. कातरी उचल, मग पानी दे.”