खांद्यावरचा कॅमेरा

सिंदीतले आमचे स्टुडिओवाले लग्नात दोनच बाबतींत ठाम असतात. कॅमेरा खांद्यावर मिरवण्याएवढा मोठा हवा आणि पानात वांग्याची भाजी नको. माझ्या विद्यार्थिनीला भाजी विकणाऱ्या आईवर लघुपट करायचा होता, तर तिच्यासाठीही त्यांनी तोच कॅमेरा काढला. "लहान कॅमेऱ्याले कोनी मान देत नाई."

बाजारात तो पाहताच आई पदर सावरून ग्रुप फोटोला उभं राहावं तशी ताठ उभी राहिली. लघुपट दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. मुलगी रडवेली झाली. त्यांनी मोठा कॅमेरा पेटीत ठेवला, खिशातला लहानसा तिच्या हाती दिला आणि स्वतः आईसमोर जाऊन बसले.

"काऊन वो बाई, वांगे किडके दिसून राह्यले?"

"तुमचे डोये किडले असन, भाऊ."

मुलगी शूट करत राहिली. भांडता भांडता त्यांनी दोन किलो वांगी घेतली.