वकीलसाहेबांची शेंदरी मोटार

चार माणसं एखाद्या कामाला लागली आणि त्यातल्या एकालाही ते काम येत नसलं, की किस्से साठवावे लागत नाहीत. ते आपोआप साठतात. आमचं तसंच झालं. मध्यप्रांत-वऱ्हाडचे ते दिवस. मी अमरावतीत ड्रॉइंग मास्तर होतो. शाळा सुटली की कॅम्पात आबासाहेब वकिलांच्या आवारात आमची बैठक जमायची. वकील, मी, कापसाच्या जिनातल्या ऑइल इंजिनवर काम करणारा करीम मिस्त्री आणि शेजारच्या मळ्यातला नामदेव माळी. बैठकीत पूर्वी पत्ते असायचे. मग मोटार आली आणि पत्ते गेले!

पण मोटार का आली, ते आधी सांगतो.

वकीलसाहेबांची सासुरवाडी अंजनगाव सुर्जीची. सासऱ्यांचे, म्हणजे अण्णांचे, मोठे पानमळे. मेव्हण्याच्या लग्नात सगळ्या पंगतीसमोर अण्णा बोलून गेले, "आमचे जवाई मोठे वकील हायेत, पर इथवर यायले बैल आमचेच लागतात!"

पंगत हसली. वकीलसाहेब ताटावरून उठले. म्हणाले, "आता या दारात पाय ठेवीन तं माह्या स्वतःच्या मोटारीतून!"

आणि बसले घरी. सुशीलावहिनींचंही माहेर त्या दिवसापासून बंद. भाऊ न्यायला आला तर त्या म्हणाल्या, "एकटी आली तं लोक म्हनतीन नवऱ्यानं टाकली. मी येईन तं याहिच्यासंगच येईन." भाऊ हात हलवत परत गेला. दर सणाला वहिनी दारात उभ्या राहून अंजनगावच्या रस्त्याकडं बघायच्या, आणि वकीलसाहेब वर्तमानपत्रात तोंड घालायचे.

* * *

अकोल्याच्या एका जिनवाल्याची केस वकीलसाहेबांनी जिंकली. तो खूश झाला. म्हणाला, "वकीलसाहेब, माह्याकडं एक मोटार हाये. एक इंग्रज इंजिनिअर विलायतले गेला, तवा टाकून गेला. रेसची गाडी हाये! तुमाले दिली."

वकीलसाहेब मला घेऊन त्याच दिवशी अकोल्याला निघाले. रस्ताभर बोलतच होते. "मास्तर, रेसची! मंजे पोचाले वेळच नाही!"

जिनाच्या मागच्या शेडमध्ये अंधार होता. सरकीचे ढीग, तुटके तराजू, पोती. वकीलसाहेब उन्हानं दमले होते. पोत्यांच्या एका ढिगावर टेकले आणि चौकीदाराला म्हणाले, "भौ, मोटार कुठी हाये?"

चौकीदार त्यांच्याकडं बघतच राहिला.

"साहेब, त्याच्यावरच तं बसले तुमी!"

पोती काढली तर खाली दोन माणसांपुरती एक बुटकी, लांब नाकाची गाडी निघाली. टप नाही, सीटमध्ये उंदरांची वसाहत, आणि स्टिअरिंगच्या मागं एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. आम्ही तिला उठवायला गेलो तर तिनं वकीलसाहेबांच्या बोटाला चोच मारली.

"हिचा ताबा जुना हाये," बोट चोखत वकीलसाहेब म्हणाले. "कायद्यानं आपल्याले थांबा लागते!"

पिल्लं बाहेर पडेपर्यंत आम्ही खरंच थांबलो. गाडी नंतर आली.

* * *

अकोल्याहून बडनेऱ्याला गाडी मालगाडीतून आणायची ठरली. स्टेशनवरचा बाबू गाडीभोवती फिरला. वाकून बघितलं. एका चाकाला पायानं ढकललं, तर तेवढ्यात दिव्याची काच खाली पडली.

"मी हे काय म्हनून लिहू? चाकं पाहिले तं वाहन वाटते. बाकी पाहिलं तं भंगार!"

"वाहन!" वकीलसाहेब गरजले.

"मंग चालवून वॅगनमंदी चढवा."

"चालत नाही सध्या."

"मंग भंगार!"

"भंगार कसं? चारी चाकं जागेवर हायेत!"

मागं बैल, बकऱ्या, संत्र्यांच्या पेट्या घेऊन माणसं खोळंबली होती. बाबू रडकुंडीला आला. "साहेब, तुमीच वकील हा. तुमीच सांगा, काय लिहू?"

वकीलसाहेबांनी विचार केला आणि गंभीरपणानं म्हणाले, "लिहा, प्रकरण वादग्रस्त!"

* * *

करीम मिस्त्री म्हणाला, "साब, इंजन इंजन होता है. जिनका हो या मोटारका!" आणि त्यानं ते आख्खं उघडलं.

उघडणं सोपं गेलं. वहिनींनी अंगणात धुतलेली धोतरं अंथरून कुरडया वाळत घातल्या होत्या. त्यांच्या शेजारी आम्ही आणखी धोतरं अंथरली आणि त्यांवर इंजिनचे भाग मांडले. मी प्रत्येकाचं चित्र काढायला बसलो. पण मांजर आलं, वारा आला, कावळे आले, आणि काय कुठून उचललं आणि कुठं ठेवलं, याचा मेळ कुणालाच राहिला नाही.

जोडून झालं तेव्हा एक भाग उरला. पितळी, दांडीसारखा, एका टोकाला जाड चकती.

"ये कायका है?" मिस्त्रीनंच आम्हाला विचारलं!

सगळं परत खोललं. परत जोडलं. परत तोच उरला. वकीलसाहेब म्हणाले, "याच्यावाचूनच गाडी बंद पडली असन." नामदेव म्हणाला, "साहेब लोक एखांदा जास्तीचा ठेवतात, शोभेले." मी ड्रॉइंग मास्तर, मी म्हणालो, आकारावरून हा पेट्रोलचा पंप असावा. मिस्त्री कानस घेऊन बसला आणि एका भोकात तो बसवायला लागला. कित्येक संध्याकाळी हेच चाललं होतं. भोक मोठं झालं, दांडी बारीक झाली, तरी बसेना.

एका संध्याकाळी वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हाताला बेसन.

"अहो, शेव करून राहिली मी. माह्या सोऱ्याचा दट्ट्या कोनी पाह्यला का?"

कुणीच मान वर केली नाही!

* * *

रंगाचं काम माझ्याकडं. वकीलसाहेबांना लालभडक हवा होता. बाजारातला लाल डोळ्याला फार गडद दिसला, म्हणून मी त्यात थोडा पिवळा घातला. मग थोडा पांढरा. ओला असताना झकास दिसत होता. वाळल्यावर बघतो तर शेंदरी!

"मास्तर, हे काय झालं?"

"उन्हानं असेल," मी म्हणालो. खरं म्हणजे मलाही कळत नव्हतं.

नामदेव तेवढा खूश. "आपल्या संत्र्याचा रंग हाये. अमरावतीले शोभते!"

गाडी आवारात निंबाच्या झाडाखाली उभी असायची. निंबाखाली शेंदरी रंगाची, बसक्या अंगाची वस्तू! रस्त्यावरून जाणारी माणसं थबकायला लागली. एकजण चप्पल काढून उभा राहिला. आणि एका सकाळी वकीलसाहेब बाहेर येऊन बघतात तो बॉनेटवर हळदकुंकू, झेंडूचा हार आणि फोडलेला नारळ!

वकीलसाहेब भडकले. "माही मोटार हाये ही! म्हसोबा नाही! कोन करून राहिलं हे?"

नामदेवनं हार हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला, हुंगला.

"फुलं तं माह्याच वावरातले हायेत," तो म्हणाला. "रोज एक बाई घेऊन जाते. पर मले काय मालूम बापा, कोन्या देवाले जाऊन राहिले!"

त्यानं फुलं विकणं थांबवलं नाही. आणि खरं सांगू? वकीलसाहेबही नंतर ओरडले नाहीत. मिस्त्रीचा हातसुद्धा बॉनेट उघडण्याआधी कपाळाशी जायला लागला. चालू होण्यासाठी गाडीला ज्याची म्हणून मदत मिळेल ती आम्हाला हवीच होती.

* * *

आणि एके दिवशी ती चालू झाली!

कशी झाली, विचारू नका. नामदेवच्या मळ्यालगत मोकळं मैदान होतं. तिथं ढकलत नेली. मिस्त्री समोरून हँडल फिरवत होता, वकीलसाहेब सीटवर बसून जे हाताला येईल ते ओढत होते. आधी एक फटाका उडाला, मग धूर, मग गाडी अशी उसळली की मिस्त्री बाजूला उडी मारून वाचला. आणि निघाली!

मैदानाला एक फेरी मारून वकीलसाहेब आमच्यासमोरून गेले. पगडी कधीच उडाली होती.

"थांबवाची कशी?" ते ओरडले आणि गेले.

आम्ही मिस्त्रीकडं बघितलं. मिस्त्री म्हणाला, "हमारे जिनका इंजन तो पट्टा उतारके रोकते!" इथं पट्टा कुठला! पुढच्या फेरीला तो ओरडला, "पाव दबाव, साब! पाव!"

पुढच्या फेरीला वकीलसाहेब, "कोन्ता पाय?"

"डावा!" मी. "उजवा!" मिस्त्री. दोघंही एकदम.

पुढच्या फेरीला वकीलसाहेबांनी दोन्ही दाबले. गाडी थांबायच्या ऐवजी तीरासारखी सुटली, कुंपण तोडून नामदेवच्या वांग्यांत शिरली आणि चिखलात रुतून बसली.

आम्ही धावलो. वकीलसाहेब स्टिअरिंगला धरून बसलेले, मांडीवर वांगी. वहिनी आवारातून पदर खोचून पळत आल्या.

"लागलं का हो? कुठी लागलं?"

वकीलसाहेबांनी त्यांच्याकडं बघितलं. डोळ्यांत पाणी.

"सुशीला, चालली वं!"

वहिनी तिथंच चिखलात बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. आम्ही तिघं उगाच वांगी गोळा करत राहिलो.

* * *

गाडी चिखलातून निघाली, वकीलसाहेब थांबवायलाही शिकले. पण अंजनगावला जायचं म्हटलं की काहीतरी निघायचंच. आज टायर, उद्या रेडिएटर. मला वाटतं, गाडीपेक्षा वकीलसाहेबच जास्त अडत होते. इतक्या वर्षांनी सासऱ्याला म्हणायचं काय?

मग अंजनगावहून एक माणूस निरोप घेऊन आला. अण्णा तापातून उठलेत, पण आता घराची वसरी उतरत नाहीत. मळ्यात जात नाहीत. कुणाशी बोलत नाहीत, नुसते बसून असतात.

वकीलसाहेबांनी निरोप ऐकला, उठले आणि मिस्त्रीला म्हणाले, "उद्या सकाळी निंघतो. जशी हाये तशी!"

सकाळी आम्ही तिघांनी हँडल मारून दिलं. दोनच सीट. एकीवर वकीलसाहेब, दुसरीवर वहिनी, मांडीवर शेवेचा डबा, पदर कानांमागून घट्ट बांधलेला. धूर उडवत गेले. आम्ही रस्त्याकडं बघत उभे राहिलो. नामदेव म्हणाला, "पूर्णा नदीपावतर तं जातीन." मिस्त्री म्हणाला, "आगे अल्लाकी मर्जी."

दुसऱ्या दिवशी दुपारभर आमचं कशातच लक्ष लागेना. ऊन उतरायच्या सुमारास फटफट ऐकू आली. तिघंही रस्त्यावर धावलो. शेंदरी गाडी वळणावरून आली, धुळीनं माखलेली. वकीलसाहेब चालवत होते. शेजारी वहिनी नव्हत्या. पांढऱ्या मिशांचा, डोक्याला भलामोठा पटका बांधलेला एक म्हातारा ताठ बसला होता.

गाडी आवारात थांबली. म्हातारा आपला आपण उतरला, आमच्याकडं न बघता पायऱ्या चढला आणि वसरीतल्या बंगईवर जाऊन झोके घ्यायला लागला.

"वकीलसाहेब, वहिनी कुठं आहेत?" मी विचारलं.

वकीलसाहेब अजून स्टिअरिंग धरूनच बसले होते.

"मास्तर, मलेच समजून नाही राहिलं! दारात गाडी थांबली. सुशीला उतरली, मायच्या गळ्यात पडली. अण्णा वसरीवरून पाहून राहिले होते. मी मनात जुळवलं, हे बोलू, ते बोलू. तं ते काठी टेकत खाली उतरले! पूरं गाव पाहून राहिलं. गाडीले एक चक्कर मारली आन सुशीलाच्या जागेवर जाऊन बसले. मी म्हटलं, अण्णा, चक्कर मारून आनतो. तं म्हनले, चला. गावाबाहीर आलो, म्हटलं, आता फिरू? म्हनले, सामनेच घ्या."

"आन तुमी घेतली?" नामदेवनं विचारलं.

"तं काय करू? इतक्या वर्सांनी पयल्यांदा बोलले माह्यासंग! रातच्याले परतवाड्यात मुक्काम केला. तिथं म्हटलं, अण्णा, घरी कळवा लागते. म्हनले, माणूस धाडला. पोरगी राहीन तिच्या मायजवळ संक्रांतीवरक. तवरक मी तुमच्याकडं."

आम्ही चौघंही वसरीकडं बघायला लागलो. बंगईच्या कड्या करकरत होत्या.

वकीलसाहेब उतरले, धोतर झटकलं आणि हळूच वर गेले. आम्हीही मागोमाग. हात जोडून ते म्हणाले, "अण्णा, पंगतीत मी असा उठून गेलो होतो, त्याचं..."

अण्णांनी पायानं बंगई थांबवली.

"ते राहू द्या, जवाईबापू. पयले हे सांगा, सैपाक कोनाले येते?"