वाढत्या अंगाची टोपडी

कर्जतच्या कौसाबाई साळवे चाळीस वर्षं लहान मुलांचे कपडे शिवतायत, आणि एकही कपडा त्यांनी बेताचा शिवलेला नाही. "पोराचं कापड वाढत्या अंगाचंच शिवायचं," हा त्यांचा कायदा. गिऱ्हाईक वाद घालू लागलं की कापड परत.

आमच्या नगरच्या हॉस्पिटलने सामाजिक जबाबदारीच्या निधीतून त्यांना नवं शिलाई मशीन दिलं, आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी टोपडी शिवायचं कामही. वॉर्डातली नर्स म्हणून मापं मीच लिहून दिली. पहिली पन्नास टोपडी आली ती सगळी मोठी. घातली की बाळाच्या हनुवटीपर्यंत उतरायची. मी फोनवर तक्रार केली, तर त्याच माझ्यावर उखडल्या. "एवढुसं डोकं आस्तंय व्हय कुठं? माप तुमचंच चुकलंय!"

मग मी त्यांना बोलावूनच घेतलं. हात धुऊन, गाऊन घालून त्या काचेच्या पेटीपुढे उभ्या राहिल्या. आत नऊशे ग्रॅमचं बाळ होतं. त्यांनी आपली मूठ वळून काचेजवळ धरली. डोकं मुठीएवढंच होतं.

"श्वास घेतंय की वं ह्ये," त्या कुजबुजल्या.

पुढची टोपडी अगदी मापात आली. फक्त प्रत्येकाला मागच्या बाजूने दोन बोटं कापड दुमडून वर कच्चा टाका घातला होता.

"हे कशाला?" मी विचारलं.

"उसवायला," कौसाबाई म्हणाल्या. "त्याला वाढायचंय न्हवं?"